पन्नास रुपयांची उधारी

कोर्टाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलेल्या माणसाने, त्याची नादारी अजून उठलेली नसताना, समोरच्याला तसं न सांगता पन्नास रुपयांची किंवा त्याहून जास्त उधारी घेतली, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचं हे ७२ वं कलम. हा कायदा झाला तेव्हा पन्नास रुपये ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात एक लिटर दूधही धड येत नाही.

पतपेढीच्या वसुली खात्यात माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यापासून विठ्ठलवाडीतले, आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प चारमधले, कधी अंबरनाथ-बदलापूरचेही लोक कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. ‘काका, दिवाळखोरीचा अर्ज करायचाय, वकील सांगा,’ असं म्हणतात. वकिलाआधी मी त्यांना हे कलम सांगतो. कारण अर्ज मंजूर झाल्यावर वाण्याच्या वहीवर घर चालत नाही. दूधवाला, मेडिकलवाला, शेजारीण, सगळीकडची उधारी एकदम थांबते. त्या दिवसापासून रोखीत घर चालवता येणार असेल तरच पुढे जायचं. ते जमेल की नाही, हे एका कागदावर आधी दिसतं. त्या कागदासाठीच आजचा लेख.

आधी कायद्याचं थोडक्यात. सकाळच्या एकाच लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्या दोन कर्जदारांना दोन वेगळे कायदे लागू होतात. बृहन्मुंबईत, म्हणजे मुलुंडपर्यंत राहणाऱ्याला १९०९ चा कायदा आणि मुंबई उच्च न्यायालय. ठाण्यापासून पुढे, म्हणजे आपल्याला, १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालय. २०१६ साली नादारी आणि दिवाळखोरीची नवी संहिता आली, पण तिचा सामान्य माणसाचा भाग अजून लागू केलेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. त्याच संहितेत अगदी गरिबासाठी कर्जमुक्त होऊन नव्याने सुरुवात करण्याची सोय लिहिलेली आहे. तिच्या अटी पाहा: वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःचं घर नको. चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा या उत्पन्नाच्या अटीत बसणार नाही. एवढी तुटपुंजी सोयही कागदावरच राहावी, याचा मला संताप येतो.

तेव्हा आपल्यासाठी १९२० चाच कायदा. त्यात देणं पाचशे रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, एवढा तो जुना आहे. अर्जात काय लिहायचं ते १३ व्या कलमात आहे: सगळी देणी, सावकारांची नावं आणि पत्ते, आपल्या मालकीची प्रत्येक वस्तू, तिची किंमत आणि ती कुठे आहे ते. दडवादडवी केली तर ६९ व्या कलमाखाली वर्षभरापर्यंतची शिक्षा आहे. कोर्टाला देणी आणि मालमत्ता हवी असते. महिन्याचा घरखर्च बारकाईने कुणी विचारत नाही, म्हणून तो कुणी लिहीतही नाही.

आता एक घर घेऊ. नाव कुणाचं नाही, पण अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. नवरा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत ऑपरेटर, हातात पगार २५,०००. बायको घरी जीन्सचं धागा कटिंग करते. सीझनला चार हजार सुटतात, पावसाळ्यात दोन हजारांचीही मारामार. दोन मुलं, सासू, भाड्याची खोली. देणी अशी: पर्सनल लोनचा हप्ता ७,८००, बाइकचा ३,२००, मोबाइलच्या दोन ॲपचे मिळून ५,४००, भिशीचे २,०००, आणि बायकोच्या नावावर ग्रुप लोन, दर मंगळवारी ८५०. हे मंगळवारचं लोक चाराने गुणतात आणि तिथेच फसतात. वर्षात मंगळवार बावन्न. पाच मंगळवारांचा महिना आला की घरात भांडण ठरलेलं. सरासरी काढली तर महिन्याला सुमारे ३,७०० होतात. एकूण हप्ते बावीस हजारांच्या वर.

या घरात पैसा आला की आधी हप्ते जातात. मग किराण्याला पैसे उरत नाहीत म्हणून तिसरं ॲप. याची टोपी त्याला, त्याची याला. ग्रुप लोन देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून घातलेली मर्यादा अशी, की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. इथे ते पाऊण हिस्सा खाऊन बसलेत. कर्ज देताना बाकीची कर्जं कुणी विचारली नाहीत, किंवा विचारल्यावर घरच्यांनी सांगितली नाहीत.

म्हणून कागदावर आधी हप्ते लिहायचे नाहीत. आधी घर. आणि उत्पन्न लिहायचं ते सगळ्यात वाईट महिन्याचं. ओव्हरटाइम, बोनस, भावाने कबूल केलेले पैसे यातलं काहीही धरायचं नाही.

पगारालाही कात्री लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत, आणि नादारीतही हेच संरक्षण मिळतं. २५,००० चं ढोबळ गणित: हजार बाजूला, २४,००० चे दोन तृतीयांश १६,०००, म्हणजे १७,००० सुरक्षित. वरच्या ८,००० वर देणेकऱ्यांचा डोळा जाऊ शकतो. मजुराची मजुरी तर याच कलमात पूर्ण सुरक्षित आहे. तेव्हा या घराचं बजेट बसवायचं ते १७,००० आणि बायकोचे दोन हजार, एकूण १९,००० मध्ये.

भाडं ६,०००. किराणा, तेल, भाजी मिळून ६,०००. दूध १,५००. गॅस ९००, लाईट बिल ९००. शाळा आणि क्लास १,५००. पास आणि रिक्षा ७००. सासूची बीपी-शुगरची औषधं ८००. मोबाइल ५००. बेरीज १८,८००. दोनशे उरतात, म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं. मग मी विचारतो, ‘जून कुठे आहे?’ वह्या, गणवेश, फी. दिवाळी. गावची जत्रा किंवा एखादं लग्न. पावसात पंख्यासारखी घरघरणारी मिक्सरची मोटर. वर्षातून एकदाच येणारे हे खर्च अठरा हजारांच्या खाली कुठेच जात नाहीत. बाराने भागले की महिन्याला १,५००. दोनशे उरत होते, आता तेराशे कमी पडतात.

इथे खरं काम सुरू होतं, आणि ते नवरा-बायकोने एकत्र बसून करायचं असतं. नवरा एकटा आला की मी कागद पुढे नेत नाही. त्याला दुधाचा भाव ठाऊक नसतो, आणि बायकोला दुसऱ्या ॲपची खबर नसते. एकदा माझ्यासमोरच एका बाईला मंगळसूत्राच्या वाट्यांची सोनेतारणाची पावती पहिल्यांदा दिसली. ती ओरडली नाही. पावती तिने दोन्ही बाजूंनी वाचली, मग पेन मागून घेतलं आणि देण्यांच्या यादीत सातव्या ओळीवर स्वतःच्या हाताने ती रक्कम लिहिली. पुढचे सगळे आकडे तिनेच लिहिले. तो कागद मी आजवर पाहिलेल्या कागदांत सगळ्यात चोख होता.

तेराशे कुठून काढायचे? मुलांच्या दुधाला हात लावू नका, क्लासचं बघा. स्वस्त भाड्यासाठी वांगणी-शेलूकडे जायचं कुणीतरी सुचवतंच. पण नवं डिपॉझिट, टेम्पो, लांबचा पास आणि मुलांची शाळा हे सगळं धरल्यावर वर्षभर तरी काही वाचत नाही. भिशी मात्र थांबवावी लागते, आणि भिशी उचलून झाली असेल तर तेही देणंच, यादीत जातं. बाइक विकून हप्ता मिटत असेल तर विकावी. अंबरनाथला लोकलने जाता येतं.

या टप्प्यावर लोक एक घातक गोष्ट करतात. अर्जाच्या आधी मेहुण्याचे पैसे चुकते करतात, गावची जमीन बायकोच्या नावावर करतात. त्यांना ते शहाणपण वाटतं. पण ५३ व्या कलमाप्रमाणे अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर रद्द होऊ शकतं. ५४ व्या कलमाप्रमाणे आधीच्या तीन महिन्यांत एखाद्याच सावकाराला मुद्दाम झुकतं माप दिलं असेल तर तेही. मग कोर्टाचा रिसीव्हर ते पैसे परत मागायला मेहुण्याच्या दारात जातो, आणि नातं कायमचं तुटतं. मेहुण्याला आजच सांगा की त्याचं नाव बँकेच्या शेजारी यादीत जाणार आहे.

ज्यावर कुणाचा हात पडत नाही, तेही लिहा, कारण त्याने झोप लागते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, प्रॉव्हिडंट फंड, आयुर्विम्याचे पैसे. शिलाई मशीनवर पोट असणाऱ्या बाईची मशीन कुणी उचलून नेणार नाही. वसुलीवाले नेमकी तिचीच धमकी देतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. आणि देणं थकलं म्हणून थेट तुरुंगात टाकता येत नाही. जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ऐपत असून बुडवणारा वेगळा आणि खरोखर हातात काही नसलेला वेगळा. मात्र तारण ठेवलेलं सोनं किंवा घर यांवरचा देणेकऱ्याचा हक्क नादारीने जात नाही. चेक न वटल्याचा फौजदारी खटलाही आपोआप मिटत नाही. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी नादारी उठल्यावरही डोक्यावर राहतात. ग्रुप लोन बायकोच्या नावावर आहे. नवऱ्याच्या अर्जाने ते जाणार नाही, म्हणून वरच्या हिशोबात न धरलेली त्या मंगळवारची वेगळी ओळ घराच्या बजेटमध्ये ठेवावीच लागते.

घर आधी आणि सावकार नंतर, हा क्रम मी शोधून काढलेला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी समिती बसली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पन्नास रुपयांचं देणं असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची वाट त्याने खुली केली. त्याची जमीन सावकारांसाठी जिल्हाधिकाऱ्याने सात वर्षांपर्यंत ताब्यात घेऊन सांभाळायची, अशी तरतूद त्यात होती. पण ताब्यात घ्यायची ती शेतकऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या निर्वाहाला लागते तेवढी सोडूनच. निर्वाहाला किती लागते, हे आधी ठरवायचं. परक्या सरकारच्या कायद्याला जे सुचलं, ते आपल्या घरात सुचायला काय हरकत आहे?

उल्हासनगरला तर हे वेगळं सांगायला नको. फाळणीनंतर नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्कराच्या रिकाम्या बराकीत संसार मांडले आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. शून्यापासून घर उभं करणाऱ्यांच्या गावात कर्जबाजारी माणसाने तोंड लपवून का फिरावं?

कागद तयार झाला की लगेच कोर्टात जायचं असं नाही. त्याची एक प्रत जोडून आधी बँकेला आणि फायनान्स कंपनीला लेखी पत्र द्या: हे उत्पन्न, हा घरखर्च, हप्त्यासाठी एवढेच उरतात. मुदत वाढवा किंवा तडजोड करा. पोच घ्या. तोंडी बोलणी कुठेच टिकत नाहीत. केस आधीच कोर्टात असेल तर लोकअदालतीत हाच कागद पुढे ठेवता येतो. काही कर्जं इथेच सुटतात, आणि मग अर्जाची गरजच राहत नाही.

नाहीच सुटली तर अर्ज. वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडून राहू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. कल्याणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, सुट्टीचे दिवस सोडून जा. जाताना पगाराच्या पावत्या, पासबुक, कर्जांचे करार, सोनेतारणाच्या पावत्या, ॲपच्या व्यवहारांचे प्रिंट, वाण्याची वही आणि घरातल्या दोघांनी मिळून लिहिलेला तो कागद न्या. दोघंही जा.