वाचनखुणांची सामाईक पेटी

संगणकावर वा भ्रमणध्वनीवर वाचणाऱ्यास वाचनाचा तुटवडा कधीच पडत नाही. अडचण येते ती वाचलेले पुन्हा सापडण्याची. आपल्या कुटुंबांत कोणी परीक्षेचा निबंध लिहीत असतो, कोणी गावाचा जुना इतिहास जुळवीत असतो, कोणी घरातील आजाऱ्याच्या दुखण्याविषयी माहिती शोधीत असतो. महिन्याने तेच पान हवे होते, आणि ते कोठे पाहिले होते हे काही केल्या आठवत नाही. ह्यावरील एका सोप्या उपायाचा विचार आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२००३ साली अमेरिकेत जोशुआ शॅक्टर ह्यांनी 'डिलिशस' नावाची सोय सुरू केली. वाचनखुणा एरवी ज्याच्या त्याच्या संगणकातच पडून राहत. येथे त्या सामाईक जागी ठेवता येऊ लागल्या. प्रत्येक खुणेस वाचकाने आपल्या पसंतीचे शब्द जोडावयाचे. ह्या शब्दांस 'टॅग' म्हणतात. कपाटातील पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहते. टॅग मात्र हवे तितके लावता येतात. १५५६ साली गोव्यात आलेल्या छापखान्यावरील लेख 'गोवा' ह्या शब्दाखाली सापडेल, तसाच 'मुद्रण' ह्या शब्दाखालीही. शिवाय त्याच शब्दाखाली इतरांनी काय जमविले आहे, तेही दिसते. एकाचे श्रम दहाजणांच्या उपयोगी पडतात, हाच ह्या पद्धतीचा खरा लाभ होय.

तथापि शिस्तीवाचून ही पेटी म्हणजे अडगळच. कोणी 'बेळगाव' लिहितो, कोणी 'बेळगांव'; २०१४ पासून सरकारी नाव 'बेळगावी' झाले आहे. माणसास तिन्ही एकच, परंतु यंत्रास ते तीन निराळे शब्द वाटतात. म्हणून मिळून काम करणाऱ्यांनी शब्दांची रूपे आधीच ठरवून घ्यावीत. हे पान का ठेवले, हे सांगणारी एक ओळही खुणेसोबत लिहावी. दुसऱ्यास तीच ओळ वाट दाखविते. आणि सामाईक पेटी सर्वांस दिसते, ह्याचे भान असावे. घरातील दुखण्याविषयीच्या खुणा खाजगीच ठेवाव्यात. आजाऱ्याची लाज राखणे हेही आपलेच कर्तव्य आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही कोठारे परक्याच्या मालकीची असतात. 'डिलिशस' २००५ साली याहू कंपनीने घेतले, पुढे ते अनेक हातांतून गेले, आणि २०१७ साली 'पिनबोर्ड' ह्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेऊन तेथे नवी भर घालणे बंद केले. संशोधकांसाठी २००४ साली निघालेल्या दोन सोयींपैकी 'कनोटिया' २०१३ साली मिटली आणि 'साइटयूलाइक' २०१९ साली. लेख मागाहून वाचण्यासाठी ठेवण्याचे 'पॉकेट' २०२५ च्या जुलैत बंद झाले. ज्यांनी वेळीच आपली यादी उतरवून घेतली नाही, त्यांची वर्षांची मेहनत एका सूचनेसरशी हातची जाऊ शकते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: सोय कोणतीही वापरा, पण दर महिन्याला आपल्या खुणांची प्रत स्वतःच्या संगणकात उतरवून ठेवा. दुवा शाबूत असूनही मूळ पान नाहीसे होते. तेव्हा महत्त्वाच्या पानाची नोंद 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या संग्रहात करून ठेवावी. अभ्यास करणाऱ्यांस 'झोटेरो' हे साधन विनामूल्य मिळते. त्यात यादी आपल्याच संगणकात राहते, आणि गट करून ती इतरांसही देता येते.

इंदूरचा भाचा आणि वडोदऱ्याची मावशी एकाच विषयाचा शोध घेत असतील, तर दोघांनी निरनिराळे कष्ट का उपसावेत? एक यादी करावी, दोघांनी भर घालावी, आणि तिची एक प्रत दोन्ही घरी असावी.