सज्जातून पडणारी चिठ्ठी

मैत्रिणींनो, आठवड्याच्या स्वयंपाकाचा बेत आधीच कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी धांदल उडत नाही, हे आपण या सदरात कितीदा तरी बोललोय. आज अशाच एका कागदाची गोष्ट सांगते. ती आहे दूर आयर्लंडमधल्या रॉसकॉमन काउंटीतली. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखीच, बरं का!

हा सगळा शेतांचा नि कुरणांचा मुलूख. बॉइल गावात ११६१ साली स्थापन झालेला मठ आहे, रॉसकॉमन गावात १२६९ च्या किल्ल्याचे पडके बुरूज आहेत. पण आपण बायकांनी आवर्जून पाहावी अशी वास्तू म्हणजे स्ट्रोक्सटाउनची हवेली.

ही महॉन नावाच्या जमीनदारांची. तिथल्या स्वयंपाकघरात वरच्या अंगाला कठड्याचा सज्जा आहे. सोमवारी सकाळी मालकीणबाई सज्जात यायच्या आणि आठवड्याच्या पदार्थांची यादी खाली स्वयंपाकिणीकडे टाकायच्या, असं सांगतात. खाली पाऊल टाकायला नको! नोकरमाणसांची ये-जासुद्धा दिसू नये म्हणून चक्क भुयारी वाट केलेली.

आणि त्याच जमीनदारीतली कुळं? त्यांचं पोट बटाट्यावर. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ आला. १८४६ मध्ये काही कुळांनी अर्ज केला: बटाटे कुजलेत, घरात दाणा नाही, पोरांचं रडणं ऐकवत नाही. १८४७ मध्ये मेजर डेनिस महॉन यांनी १,४९० जणांना कॅनडाला धाडायचं ठरवलं. इथे पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. बायकामुलांसह ही माणसं डब्लिनपर्यंत चालत गेली, आणि पुढे कितीतरी जण बोटीवरच दगावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात महॉन यांना कुणीतरी गोळी घातली.

हे सारं आज कळतं कसं? १९७९ मध्ये जिम कॅलरी या तिथल्याच व्यावसायिकानं ती मालमत्ता विकत घेतली. कचेरीत जुन्या कागदांचे ढीग होते, त्यात कुळांचा तो अर्ज सापडला. कागद रद्दीत गेले नाहीत. १९९४ मध्ये हवेलीच्या तबेल्यांत दुष्काळाचं संग्रहालय उघडलं. आता एकाच आवारात वरचा सज्जाही दिसतो आणि भुकेल्यांचा अर्जही.

म्हणून सांगते, पुढच्या वेळी रद्दीवाला दारात आला की जुन्या ट्रंकेतला गठ्ठा तसाच त्याच्या तराजूत टाकू नका. सासूबाईंची हिशेबाची वही, माहेरची पत्रं एकदा चाळून पाहा. ठेवायच्या कागदांच्या टाचण्या काढा, त्या गंजतात. चिकटपट्टी लावू नका. घड्या उलगडून, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आणि हो, कुणाचं काय आहे ते वर लिहून ठेवायला विसरू नका!