पालीला आग्रह नको

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. कोणा एकाशी नाही, आपल्या सगळ्यांच्याच एका सवयीशी. समोरचा जेवत नाही म्हटलं की त्याच्या तोंडात घास कोंबायचा, ही ती सवय. पंगतीत ती चालून जाते. पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरून "पुरे, पुरे" म्हणतो आणि आपण बोटांच्या फटीतून जिलबी सोडतोच. पण या हिवाळ्यात आमच्या पाथरीच्या घरात हाच आग्रह एका पालीला व्हायला लागला, तेव्हा मात्र मी आडवा आलो. त्यावरून दोन मामा आणि एक काकू माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. ही पोस्ट त्यांनीही वाचावी अशी इच्छा आहे.

हो, पालच. भाच्याने शहरातून आणलेली लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्या पाल. अंगावरच्या ठिपक्यांमुळे तिचं नाव बुंदी. भिंतीवरच्या पालीशी तिचं नातं लांबचंच. हिला हलणाऱ्या पापण्या आहेत, त्यामुळे ती डोळे मिटून झोपते. बोटांना चिकटणारे तळवे नाहीत, त्यामुळे काचेवर चढत नाही. मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्येकडचा कोरडा, खडकाळ भाग. एडवर्ड ब्लिथने १८५४ साली तिला शास्त्रीय नाव दिलं. तिची भावंडं महाराष्ट्रातही आहेत, आणि सातपुड्यातली एक जात तर थेट २०१४ साली नव्याने नोंदली गेली. म्हणजे बाई अगदीच परक्या नाहीत.

तर डिसेंबरात बुंदीने खाणं सोडलं. पाचव्या दिवसापर्यंत घरात सल्ल्यांचा ढीग झाला. काकू म्हणाल्या गुळाचं पाणी पाज. एक मामा म्हणाले दृष्ट काढ. (हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी उपाय, पालीला काहीच पोटात घालावं लागत नाही!) दुसऱ्यांनी दूध सुचवलं. आणि जिथून ती आणली त्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, "तोंड उघडून चिमट्याने भरवा, सवय लागते."

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. सवय लागते म्हणे! जणू पाल हट्टाने उपास करतेय आणि एकदा जबरदस्ती केली की वठणीवर येईल.

अहो, तिच्या पोटातली चूल बाहेरून पेटते. आपण जेवलो की शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. पालीला ती जमिनीतून, तापलेल्या दगडातून घ्यावी लागते, तेव्हा कुठे अन्न पचतं. या प्राण्यावर तापमानाची सत्ता किती? अंडं साधारण २६ अंशांना उबवलं तर बहुतेक माद्या निघतात आणि ३२-३३ च्या आसपास नरांचं प्रमाण वाढतं. जिथे नर की मादी हेसुद्धा उष्णता ठरवते, तिथे भूक ती ठरवणार नाही का? थंड पोटात घास कोंबला तर तो पचत नाही, आत सडतो. शिवाय कॅल्शियम कमी पडलेल्या पालीचा जबडा इतका मऊ झालेला असतो की चिमट्याच्या झटापटीत मोडूही शकतो. ती खात नव्हती, कारण खाल्लेलं पचवायची सोय आपण केली नव्हती. एवढं तिला कळत होतं, दुकानदाराला नाही.

त्याच दुकानदाराने विकताना सांगितलं होतं, "आपला देश गरम, हीटर लागत नाही." यांना एकदा डिसेंबरात परभणीला आणून ठेवलं पाहिजे. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा एक आकडी झाला की दर वर्षी पेपरात बातमी येते. पाथरी तिथून लांब नाही, आणि कालव्याकडच्या शिवारातली पहाटेची थंडी तर विचारूच नका. मी बुंदीच्या पेटीत थर्मामीटर ठेवला. सकाळी सहाला १८. उलट मे महिन्यात याच खोलीत पत्र्याखाली भट्टी असते, तेव्हा हीटर नाही, माठाशेजारची जागा लागेल. परदेशी पुस्तकातलं कोष्टक उतरवून किंवा "आपला देश गरम" म्हणून भागत नाही. ज्या गावात पेटी आहे त्या गावाचं हवामान बघावं लागतं.

मग काय केलं? पेटीच्या एका टोकाखाली हीटिंग पॅड, त्याला थर्मोस्टॅट, त्या बाजूची जमीन ३१-३२ अंश. दुसरं टोक २५ च्या आसपास, म्हणजे तिला वाटेल तिकडे जाता येईल. दोन्हीकडे लपायला कौलाचे तुकडे, एकाखाली ओलसर कापड, कात टाकायला सोपं जावं म्हणून. तळाची वाळू काढून साधा कागद घातला, कारण खाताना पोटात गेलेली वाळू आतडं तुंबवते. रात्री वीज गेली तर ऊब टिकावी म्हणून पेटीला बाहेरून थर्माकोल. आणि सगळ्यात अवघड काम, गल्लीतल्या पोरांना आणि पाहुण्यांना "बघू, बघू" म्हणत तिला हातात घ्यायची बंदी. त्यावरूनच खरा रुसवा झाला. असो.

रोज तिच्यासमोर घास नाचवायचं थांबवलं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर वजन. पहिल्या दिवशी ५६ ग्रॅम, बारा दिवसांनी ५४. तिच्या जाड शेपटीत चरबी साठवलेली असते, तिच्यावर धडधाकट मोठी पाल काही आठवडे काढते. कात टाकायच्या आधी ती खात नाही, वर कात स्वतःच खाऊन टाकते. विणीच्या काळात नरांचंही लक्ष जेवणावरून उडतं. तेराव्या रात्री बुंदीने अंधारात आपणहून एक झुरळ पकडलं (पाळलेलं, मोरीतलं नव्हे). कोणी बघत नव्हतं. सकाळी हिशोब केला तेव्हा कळलं.

"मग काय, मरेपर्यंत बघत बसायचं?" हा मामांचा प्रश्न मात्र रास्त आहे. नाही, बसायचं नाही. पिल्लू असेल तर इतके दिवस थांबूच नये. शेपूट काडीसारखी होऊ लागली, वजन दहा टक्क्यांनी उतरलं, उलटी, पातळ शी, पाय लटपटणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी पालींची शेपूट अशीच वाळवतो, त्यावर गुळाचं पाणी चालत नाही. गावच्या दवाखान्याचा संबंध गायी-म्हशी-शेळ्यांशी, पण परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन तिथे जा, तपासायला सांगा. भरवायची वेळ आलीच तर ते डॉक्टरच्या हाताने किंवा त्याने शिकवल्यावर, आणि पेटी गरम झाल्यानंतर.

खाण्याबद्दलही आपल्याकडे भलताच उत्साह. भाच्याचे मित्र कापसातून नाकतोडे पकडून आणत होते. अरे बाबांनो, त्या कापसावर आठवड्यापूर्वी काय फवारलं ते तरी विचारा! पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवे तर चुकूनही नकोत, काही सरड्यांचा जीव एका काजव्याने गेलेला आहे. त्यापेक्षा मराठवाड्यात तुती लावणारे शेतकरी आहेत, त्यांच्याकडून चार रेशीम अळ्या मागाव्यात. मऊ आणि पौष्टिक. फवारलेला पाला खाल्ला तर अळी आधी स्वतःच मरते, म्हणून रेशीमवाला तुती जिवापाड जपतो. फक्त अळ्यांवर निर्जंतुक करायची पावडर मारायच्या आधीच्या घ्या.

आणि शेवटचा सल्ला, जो ऐकून मी खरंच चिडलो: "नसेल खात तर माळावर सोडून दे, पुण्य लागेल." पेटीत जन्मलेली, पेटीत वाढलेली पाल डिसेंबरच्या माळावर एक रात्र काढेल? आणि काढलीच, तर तिच्या आतड्यातला रोग आपल्या रानातल्या पालींना देणार. वीस वर्षं जगू शकणारा जीव आपण विकत आणला, तर वीस वर्षांची जबाबदारीही आणली. ती नको असेल तर दुकानाच्या दारातच नको म्हणावं.

बुंदी आता आठवड्यातून तीनदा खाते, वजन ५८. पाथरी, मानवत किंवा सेलूकडे कोणी घरी रातकिडे किंवा मीलवर्म वाढवत असेल तर कळवा. झुरळांच्या डब्यावरून ताईचं आणि माझं भांडण अजून मिटलेलं नाही.