सरावात मेलेल्यांचा हिशेब कोण देणार?

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवणला झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर लोटलेल्या जनसमुदायासमोर लढाऊ विमाने गर्जत गेली. राजकोटावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला आणि जाब विचारायला महाराष्ट्र उठला. ते योग्यच झाले. परंतु त्या दिवशी मिरविलेल्या मिग-२९के विमानांचा जाब कोणी विचारला?

त्याच जातीचे प्रशिक्षण विमान २६ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्याजवळ समुद्रात पडले. शिकाऊ वैमानिक वाचला. शिकविणारे कमांडर निशांत सिंह यांचा मृतदेह अकरा दिवसांनी मिळाला. २४ मार्च २०१५ च्या रात्री सरावाला निघालेले डॉर्निअर गोव्याच्याच समुद्रात कोसळून लेफ्टनंट अभिनव नागोरी व लेफ्टनंट किरण शेखावत मृत्युमुखी पडले. तिसरा अधिकारी वाचला, तो मच्छीमारांच्या होडीमुळे.

उड्डाण म्हटले की धोका आलाच, असे सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडचे सुमारे साडेपंचावन्न हजार लोक मेले. त्यांपैकी सुमारे आठ हजार शत्रूच्या माऱ्याने नव्हे, तर प्रशिक्षणात व अन्य अपघातांत. तेव्हा युद्धाच्या घाईची सबब तरी होती. शांततेच्या काळात कोणती?

सबब नाही, दिरंगाई आहे. जेट वैमानिकांसाठी प्रगत प्रशिक्षण विमान हवे, ही शिफारस १९८२ ची. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. मधली बावीस वर्षे कोवळ्या पोरांना ही पायरी गाळून मिग-२१ वर चढविले गेले. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त झाली आणि १७१ वैमानिक व ३९ नागरिक ठार झाले, अशी कबुली २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिली. मिग-२९के ची चाळीस इंजिने सदोष ठरली व नौकेवर उतरण्याच्या शिक्षणासाठी त्याचे सिम्युलेटर निरुपयोगी आहे, हे महालेखापालांनी २०१६ मध्येच नोंदविले होते.

या पापाचे धनी सर्व रंगांचे आहेत. आपल्याच परंपरेतील जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना २००३ मध्ये मिग-२१ मधून स्वतः उडाले, विमान सुरक्षित आहे हे दाखविण्यासाठी. धैर्य खरे, पण मंत्र्याची एक फेरी म्हणजे चौकशी नव्हे. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला मिग-२१ मध्ये गेलेल्या फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्याच माथी दोष मारला गेला, तेव्हा त्यांच्या आईला, कविता गाडगीळ यांना, वर्षानुवर्षे झुंजावे लागले. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून दोष त्याचा!

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष संसदेपुढे यावा आणि जबाबदारी वैमानिकापाशी न थांबता खरेदीच्या टेबलापर्यंत पोचावी. गुपिताच्या नावाखाली झाकली जातात ती शस्त्रे नव्हेत, चुका. बुडत्याला हात देताना मच्छीमाराने कोणाची परवानगी मागितली नव्हती. प्रश्न विचारताना आपणही मागू नये.