"बाबा उचलतील" या भरवशावर कयाक घेऊ नका



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय सी-कयाकच्या ट्रॉलीचा. ट्रॉली म्हणजे ती दोन चाकांची छोटी गाडी, जिच्यावर कयाक बांधून कार पार्कपासून पाण्यापर्यंत ओढत नेतात.

उन्हाळा जवळ आला की "मुलांसाठी कयाक घ्यायची आहे, कोणती घेऊ?" असे प्रश्न सुरू होतात. उत्तरंही भराभर येतात: बोटीची लांबी, वल्हं, वेटसूट, गाडीवरचा रॅक. ट्रॉलीचं नाव कोणी काढत नाही, आणि काढलंच तर उत्तर ठरलेलं असतं. "कशाला? बाबा उचलतील की!"

माझं मत बरोबर उलट आहे. ट्रॉलीचा विचार आधी करा, बोटीचा नंतर. आणि ट्रॉली निवडताना कसोटी एकच लावा: घरात जे सगळ्यात लहान मूल कयाक चालवणार आहे, ते कोणाला हाक न मारता बोट पाण्यापर्यंत नेऊ शकतं का, आणि दमून आल्यावर परत आणू शकतं का? उत्तर "नाही" असेल, तर ती कयाक तुमच्या मुलाची नाही, तुमची आहे. तुम्हाला वेळ असेल तेव्हाच ती पाण्यात जाईल.

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. मुलगी १५ वर्षांची, मुलगा १२. मी सीए, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला मत मांडता येत नाही. तर आधी आकडे.

वजन किती, आणि हातात किती

साधारण ५ मीटर लांबीची सी-कयाक २५ ते ३० किलोची असते. प्लास्टिकची जड, फायबरग्लासची थोडी हलकी. २३ किलो म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाथरूमच्या काट्यावर उभं राहून, हातात बॅग धरून, भाजणीचं एक पाकीट काढू की दोन, हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे. कयाक म्हणजे तीच बॅग, फक्त ५ मीटर लांब आणि वारा आला की गर्रकन फिरणारी.

बॅगेला चाकं लागायलाही किती उशीर झाला बघा. माणूस चंद्रावर गेला १९६९ मध्ये. चाकांच्या बॅगेचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना मिळालं १९७२ मध्ये. आणि सुरुवातीला दुकानदार ती बॅग ठेवायलाच तयार नव्हते. पुरुष काय बॅग ओढत नेणार का, आणि बाईबरोबर उचलायला पुरुष असतोच की, असा तेव्हाचा समज होता. "बाबा उचलतील" हे तेच वाक्य आहे, मराठीत. आज चाक नसलेली बॅग घेऊन कोणी विमानतळावर जात नाही. मुलीची कयाक मात्र अजून बाबांच्या खांद्यावर!

आता चाक कुठे लावायचं, हे महत्त्वाचं. ५ मीटर लांब, २६ किलोची रिकामी कयाक घ्या, वजन मध्यावर आहे असं धरा, आणि ती पुढच्या टोकाच्या दोरीला धरून ओढायची आहे.

चाकं अगदी मागच्या टोकाला असतील तर हातात १३ किलो येतात.
चाकं पुढच्या टोकापासून साडेतीन मीटरवर असतील तर साधारण साडेसात किलो.
चाकं ३ मीटरवर, म्हणजे मध्याच्या अर्धा मीटर मागे असतील तर सव्वाचार किलो.

बोट तीच, ट्रॉली तीच, वजन तिपटीने कमी. बरोबर मध्यावर चाकं लावली तर हातात शून्य येईल, पण मग बोट सी-सॉसारखी खालीवर होते. गावाकडे बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते म्हणतात ना, तसंच. म्हणून थोडा भार पुढे हातात हवाच. मागच्या हॅचमध्ये पाणी, डबा, कपडे भरले असतील तर चाकंही थोडी मागे सरकवा.

टोकाला लावायच्या छोट्या ट्रॉल्या स्वस्त असतात आणि वळणावर सोप्या पडतात. धडधाकट बाबांना १३ किलो जाणवतही नाहीत. १२ वर्षांच्या मुलाला तीन तास वल्हं मारून आल्यावर ते फार होतात. मुलं वापरणार असतील तर कॉकपिटच्या लगेच मागे बसणारी ट्रॉलीच बघा.

पाणी तुमच्यासाठी थांबत नाही

"पण आमचा कार पार्क पाण्याला लागूनच आहे," असं बरेच जण म्हणतात. कधी? भरतीला. आमच्या भागात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साधारण ४ मीटरचा फरक पडतो. किनाऱ्याचा उतार ५० ला १ असेल, तर ४ मीटर पाणी उतरलं की काठ २०० मीटर लांब जातो. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास. म्हणजे सकाळी दहा पावलांवर सोडलेली बोट दुपारी दोन फुटबॉल मैदानं ओढत आणावी लागू शकते, तीही ओल्या वाळूतून. भांगाच्या दिवसांत फरक कमी, पण तोही शून्य नसतो.

म्हणून ट्रॉलीचा हिशोब जाताना नाही, येताना करायचा. जाताना अंगात उत्साह असतो. येताना हात थंड, कपडे ओले आणि पोटात भूक.

चाक जमिनीप्रमाणे

दुकानात फोटो बघून चाक निवडू नका. तुमचा नेहमीचा किनारा डोळ्यासमोर आणा.

डांबरी रस्ता, काँक्रीटचा स्लिपवे किंवा टणक ओली वाळू असेल तर २५ ते ३० सेंटीमीटर व्यासाचं साधं रबरी चाक पुरतं. हवा भरायचं असेल तर पंक्चर होणार, म्हणून भरीव फोमचं बघा.

बोर्नमथसारखी मऊ कोरडी वाळू असेल तर अरुंद चाक रुततं आणि नांगर होतं. तिथे रुंद, फुग्यासारखी, कमी हवेची चाकंच हवीत. ती महाग असतात, आणि रोज डांबरावरून लांब ओढायला ती नाहीत.

ब्रायटनसारखे गोटे असतील तर चाक मोठंच हवं. लहान चाक प्रत्येक गोट्यापाशी अडतं आणि ट्रॉली बोटीखालून मागे निसटते.

आणखी तीन गोष्टी तपासा. चाकांच्या आत स्टीलचं बॉल बेअरिंग असेल तर खाऱ्या पाण्याने ते गंजतं. साधी प्लास्टिकची बुश समुद्रासाठी बरी. सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतील, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या सांध्याला अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवायलाच हवं. आणि ट्रॉली सुटी होऊन मागच्या हॅचमध्ये मावते का, ते हॅचचं तोंड मोजून बघा. किनाऱ्यावर ठेवलेली ट्रॉली भरती घेऊन जाते. मागच्या डेकवर बांधली तर वारा धरते, आणि बोट उलटल्यावर डेकवरून परत चढताना नेमकी आडवी येते.

विकत घ्यावी की घरी बनवावी?

इथे माझ्यातली सीए आणि माझ्यातली आई यांचं पटत नाही, म्हणून दोघींचं म्हणणं मांडते.

मी चौकशी केली तेव्हा साध्या तयार ट्रॉल्या साधारण ४० ते १०० पौंडांत होत्या, फुगीर चाकांच्या त्याहून वर. आम्ही घरी बनवली तिचा खर्च असा: मरीन प्लायचा तुकडा १२ पौंड, १२ मिलिमीटरचा स्टेनलेसचा दांडा आणि त्याला भोकं पाडून घेणं १५, गोल्फ ट्रॉलीची जुनी चाकं १०, पट्टे ८, फोम आणि वॉर्निश ९. एकूण ५४ पौंड. वर दोन शनिवार. माझ्या तासाचा दर धरला, तर ही ब्रिटनमधली सगळ्यात महाग ट्रॉली असेल.

तेव्हा पैसे वाचतील म्हणून घरी बनवू नका. पैसे वाचत नाहीत.

तरीही तुमचा किनारा टणक असेल आणि मूल दहा-बारा वर्षांपुढचं असेल, तर घरीच बनवा, असं मी म्हणेन. आपल्या वेळी शाळेत कार्यानुभवाचा तास असायचा. आपण तिथे क्रेप कागदाची फुलं केली आणि घरी आणून शोकेसमध्ये ठेवली. जिच्यावर खरोखर भार टाकायचा आहे, अशी वस्तू आपल्यापैकी किती जणांनी बनवली? मुलगी ट्रॉली स्वतः जोडते तेव्हा चाक कुठल्या पिनेवर थांबलंय हे तिला माहीत असतं. किनाऱ्यावर पिन निघाली तर ती फोन करत नाही, पिन लावते.

मऊ वाळू किंवा गोटे असतील तर मात्र विकतच घ्या. तिथलं चाक हाच ट्रॉलीचा जीव आहे, आणि ते घरी होत नाही.

बनवणार असाल तर थोडक्यात कृती. साधारण ४० बाय ३० सेंटीमीटरची १८ मिलिमीटर जाडीची मरीन प्लायची फळी. तिच्यावर प्लायच्याच दोन उभ्या पट्ट्या, कयाकच्या बुडाच्या आकारात कापलेल्या. तो आकार आधी पुठ्ठ्यावर घ्या. पुठ्ठा कापायचं काम मुलांना द्या, तीन-चार पुठ्ठे वाया जातील, जाऊ द्या. पट्ट्यांच्या कडेला फोम चिकटवा. फळीखाली प्लास्टिकच्या नळीतून आस न्या. जिथे चाक फिरतं तिथे दांडा गुळगुळीत हवा. आट्यांच्या रॉडवर चाक फिरलं की चाकाचं भोक मोठं होत जातं. दोन्ही टोकांना पिनेसाठी भोक, म्हणजे चाकं हाताने निघतात. स्टीलला भोक पाडणं हे घरच्या ड्रिलचं काम नाही, वर्कशॉपमधून करून घ्या. दोन चाकांमध्ये ५५ ते ६० सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर तिरक्या फुटपाथवर बोट कलंडते.

बांधणं

चांगली ट्रॉलीही नीट बांधली नाही तर निरुपयोगी. एक पट्टा बोटीभोवती आडवा, साध्या बकलचा. रॅचेटचा पट्टा नको. तो नकळत इतका आवळला जातो की बुडाला खड्डा पडतो. दुबई-अबूधाबीच्या मंडळींनी हे जास्तच लक्षात ठेवावं, कारण उन्हात तापलेलं प्लास्टिक लगेच आकार बदलतं. दुसरी दोरी ट्रॉलीपासून पुढे कॉकपिटच्या कडेला, म्हणजे दगड लागला तरी ट्रॉली मागे निसटत नाही. बोटीला स्केग असेल तर आधी तो वर घ्या, आणि चाकाचा भार त्याच्या खाचेवर येऊ देऊ नका.

मुलांना आधी हे शिकवा: पुढचं टोक गवतावर राहू द्यायचं, फक्त मागचं टोक उचलायचं आणि ट्रॉली खाली सरकवायची. म्हणजे २६ किलो एकदाही उचलावे लागत नाहीत. क्षणभर निम्मेच उचलायचे.

"पण..."

"हलकी बोट घेऊ ना." घ्या. कार्बनच्या बोटीने काही किलो वाचतील, त्यासाठी काही हजार पौंड मोजावे लागतील. चाकांनी २६ चे सव्वाचार होतात, शंभर पौंडांच्या आत.

"दोघं मिळून उचलू." दोघं असाल तेव्हा जरूर. पण दोन बोटी असतील तर दोन फेऱ्या, आणि पाठ आपली चाळिशीतली.

"छंद टिकला नाही तर?" ही आपली खास शंका. पियानो, कराटे, बुद्धिबळ, सगळ्यांना आपण ती विचारलेली आहे. माझं उत्तर असं की, जो छंद दर वेळी मोठ्यांच्या सवडीवर अवलंबून असतो तोच आधी सुटतो. मुलं कंटाळत नाहीत, वाट बघून थकतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. ट्रॉलीमुळे मूल पाण्याच्या काठापर्यंत एकटं जाऊ शकतं. पाण्यात एकटं जाण्याची ती परवानगी नाही. क्लब किंवा जाणकार मोठं माणूस सोबत, अंगात बॉयन्सी एड, भरती-ओहोटीची वेळ बघितलेली, फोन वॉटरप्रूफ पिशवीत, आणि अडचण आली तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं हे पाठ. हे आमच्या घरी ट्रॉलीच्या आधी ठरलं.

आपल्यापैकी बरेच जण पोहायलाही मोठेपणी शिकले. मीही त्यातलीच. मुलांना लाटेत वल्हं कसं धरायचं हे मी शिकवू शकत नाही, ते त्यांचे प्रशिक्षक शिकवतात. पण घरापासून काठापर्यंतचं अंतर माझ्या अखत्यारीत आहे. तेवढं त्यांचं त्यांना पार करता यावं, अशी सोय मी करू शकते, आणि मग बाजूला होऊ शकते.

आमच्या ट्रॉलीची मापं आणि पुठ्ठ्याचा आकार कोणाला हवा असेल तर सांगा, पाठवते. फक्त तुमच्या बोटीची रुंदी आधी मोजून ठेवा, आणि किनारा वाळूचा, गोट्यांचा की काँक्रीटचा, तेही लिहा.