बारगीर आणि बर्गी

'बर्गी' या बंगाली शब्दाने आमची आदिलाबादकर मराठी मंडळी आजही दुखावतात. बंगालने मराठ्यांची नालस्ती केली, हा त्यांचा आक्षेप आम्हांस मान्य नाही. फारसी 'बारगीर' म्हणजे मुळात ओझे वाहणारे जनावर. आपल्याकडे सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला ते नाव मिळाले. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा धन्याचा. १७४२ पासून नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजांनी बंगाल लुटला आणि सामान्य स्वाराचे नाव साऱ्या मराठ्यांना चिकटले. १७५१ च्या तहाने चौथाईचे वार्षिक १२ लाख रुपये धन्याकडे गेले. दुष्कीर्ती मात्र बारगिराच्या माथी आली. शेजाऱ्याने अनुभवाने दिलेले नाव निषेधाने पुसत नाही. ते कारणांसह आपल्या पाठ्यपुस्तकांत यावे, एवढेच आमचे म्हणणे.