गाडी बघण्याचे पैसे घ्या

“जरा गाडी बघायला येता का?” असा फोन आला नाही असा मेकॅनिक रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. कुणीतरी लाखाच्या आतली जुनी ऑम्नी पसंत केलेली असते. मालकाकडूनच घ्यायची, मध्ये दलाल नाही, म्हणून घेणारा खुशीत असतो. आपण हातातले काम टाकून जातो, गाडी स्टार्ट करतो, दोनदा रेस देतो, ऑइलची कॅप काढून बघतो आणि म्हणतो, “इंजिन ओके आहे, घ्या.” चहा होतो, आपण परततो. त्या एका वाक्यावर समोरच्याची वर्षभराची शिल्लक खर्ची पडते.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्यासमोर अशीच एक ऑम्नी आली. बयाणा देऊन झाला होता. नवा पांढरा रंग, नवी सीट कव्हरे. मधली सीट काढून रबरी मॅट उचलली, तर पत्र्यावर काळ्या अंडरकोटिंगचा जाड थर. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जोर न लावता आरपार गेला. भोकातून खालची लाल माती दिसली. मग कळले, गाडी काही वर्षे मिरकरवाड्यावरून मासळी वाहत होती. बर्फाचे खारे पाणी मॅटखाली साचत राहिले आणि पत्रा संपला. इंजिन मात्र खरोखर उत्तम होते.

आपल्याकडची मेख हीच. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी 2019 मध्ये बंद झाली, तरी तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आपल्यातला कुणीही उतरवून नीट करतो. कुजलेल्या बॉडीला मात्र पॅच मारत बसावे लागते. म्हणून खाऱ्या वाऱ्याच्या या मुलखात आधी जॅक लावा, सीट नंतर उचला. चॅसिसच्या पट्ट्या, मागच्या पाट्यांचे हँगर, स्लायडिंग दरवाजाची खालची रेल यांवर हातोडीने हलके ठोका. आवाज बसका आला तर तिथे लांबी भरली आहे असे समजा. इंजिन थंड असतानाच पहिला स्टार्ट मारा. आधीच गरम करून ठेवले असेल तर का, ते विचारा. मग चार माणसे बसवून निवळीच्या घाटात चढवा. क्लच सरकतो का, काटा चढतो का, हे सपाटीवर कळत नाही.

गाडी कुठे राहिली हेही विचारा. मुंबईकर चाकरमान्याची व्हॅन गणपतीला आणि शिमग्याला फिरते, एरवी पडवीत उभी. किलोमीटर कमी दिसतात, पण ब्रेकचे सिलिंडर जाम आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलेले. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातली एखादी ईको पुढ्यात आली, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. धुऊन काढलेल्या गाडीतही गाळाची रेघ तिथे उरते.

कागद बघणे हे एजंटचे काम, असे म्हणून सुटू नका. गाडीवर बँकेचा बोजा आहे का, गॅस किटची नोंद आरसीवर आहे का, हे बघायला पाच मिनिटे पुरतात. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाली; पर्यावरण कर वेगळा. हा खर्च घेणाऱ्याला सौद्याआधीच सांगा. विकणाऱ्यालाही एक गोष्ट सांगा. सही केलेले कोरे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म देऊन गाडी सोडू नका. राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर कायद्याने 14 दिवसांत त्याने आरटीओला कळवायचे असते. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

एवढे सारे करायला दीड-दोन तास लागतात, आणि ते चहावर होत नाही. म्हणून माझे सांगणे एकच: गाडी बघण्याचे पैसे घ्या, आधी ठरवून घ्या आणि फक्त घेणाऱ्याकडूनच घ्या. विकणाऱ्याकडून “तुमचे बघू” असे आले की आपल्या तोंडाला कुलूप बसते. फुकट बघणाऱ्यालाच हे कमिशन घ्यायचा मोह होतो, हे आपल्यातले सगळे जाणतात.

अडचण पैशांची नाही, संबंधांची आहे. विकणारा आपलाच गिऱ्हाईक, वाडीतला, कधी नात्यातला. त्याच्या अंगणात उभे राहून “पत्रा गेलाय” म्हणायला जीभ रेटत नाही. पण तो बहुतेक वेळा लबाड नसतो. त्याने स्वतः गाडीखाली कधी वाकून बघितलेलेच नसते. म्हणून जे दिसले ते दोघांसमोर, एकाच वेळी दाखवा आणि कागदावर लिहून द्या. भाव त्यांचा त्यांनी ठरवावा. “घ्या” किंवा “नको” आपण म्हणूच नये.

या अंकाच्या मधल्या पानावर तपासणीचा तक्ता छापला आहे. झेरॉक्स काढा, खाली आपल्या गॅरेजचा शिक्का मारा आणि सही करा. त्या ऑम्नीचा बयाणा बुडाला. माझ्याआधी एकाने ती बघितली होती आणि इंजिन ओके म्हणून सांगितले होते. त्याने खोटे सांगितले नव्हते. मॅट उचलली नव्हती.